सामुदायिक वायरलेस नेटवर्क: पाड्यापाड्यांपर्यंत इंटरनेट नेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आणि मुंबईच्या आसपास या विषयावर बोलायला गेलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कॉलेजात आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जवळपास हेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांब आहेत, कारण तिथेच बहुतेक जण अडतात.

सामुदायिक वायरलेस नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

गावातल्या किंवा वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या छपरांवर उभारलेलं आणि स्वतःच सांभाळलेलं नेटवर्क. एका घरावर छोटा रेडिओ आणि अँटेना बसते. तिथून दुसऱ्या घराकडे, शाळेकडे, समोरच्या टेकडीवरच्या पाड्याकडे सिग्नल जातो. अशा प्रत्येक ठिकाणाला नोड म्हणतात. तंत्र बरंचसं आपल्या घरातल्या वायफायचंच असतं. खरा फरक मालकीचा. यंत्रं कुणाची, दर कोण ठरवणार आणि बंद पडल्यावर कोण धावणार, हे तिथली माणसं ठरवतात.

मुंबईत बसून याची चर्चा कशाला? इथे तर इंटरनेटची कमतरता नाही.

भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलपैकी बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. म्हणजे देशाच्या इंटरनेटचा एक मोठा दरवाजा अंधेरीत आहे. त्याच दरवाजापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर, फोन लावायला माणसं टेकडी चढतात. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र रेंजविना अडतं. कोविडच्या काळात मुलं अभ्यासासाठी माळावर जाऊन बसत होती. आणखी जवळ या. गेटवेवरून लाँचने तासाभरात पोचता येणाऱ्या घारापुरीला समुद्राखालून वीज पोचली ती २०१८ साली.

दुर्गम भाग म्हणजे खूप लांबचा भाग, अशी आपली समजूत असते. कंपनीला जिथे केबल टाकायचा खर्च भरून निघत नाही तो भाग दुर्गम, असं मी म्हणेन. अशा जागा मुंबईच्या कुशीतही आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले आणि आरेतले पाडे बघा.

कंपनीसारखा एकदम सगळीकडे टॉवर न उभारता हे पसरतं कसं?

मुंबईकराला हे समजावणं सोपं आहे, कारण आपण केबल टीव्ही पसरताना पाहिला आहे. एका बिल्डिंगच्या गच्चीवर डिश, तिथून शेजारच्या बिल्डिंगला वायर, तिथून चाळीला. आधी कुणी संपूर्ण शहराचा नकाशा काढला नव्हता. ज्याला हवं होतं त्याच्यापर्यंत वायर गेली आणि त्याच्या गच्चीवरून ती पुढे सरकली.

सामुदायिक नेटवर्कही मागणीच्या मागे जातं. स्पेनमधल्या काटालोनियात ओसोना नावाचा ग्रामीण परगणा आहे. तिथे शेतावरच्या घरांना कंपन्या ब्रॉडबँड देत नव्हत्या. २००४ साली काही जणांनी आपसात वायरलेस जोडण्या सुरू केल्या आणि त्यातून ग्वीफी डॉट नेट उभं राहिलं. आज त्यात ३५ हजारांहून जास्त चालू नोड आहेत. नव्या माणसाने आपल्या घरापर्यंतचा खर्च करायचा आणि आपल्या छपरावरून पुढच्याला जाऊ द्यायचं, हा त्यांचा नियम. नेटवर्कच्या सामायिक परवान्यातच तो लिहिलेला आहे. त्यामुळे जोडलं गेलेलं प्रत्येक घर पुढच्या घरासाठी रस्ता झालं.

पण एवढ्याने भागत नाही. घरोघरच्या नोडची साखळी लांबली की शेवटच्या घराला रडतखडत वेग मिळतो. म्हणून काही काळाने उंचावरच्या चार-दोन जागा निवडून त्यांच्यामध्ये थेट, जोरकस जोडण्या कराव्या लागतात. याला नेटवर्कचा कणा म्हणतात. पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, शाळेची गच्ची, टेकडीवरचा खांब अशा या जागा असतात. ग्वीफीने पुढे गर्दीच्या मार्गांवर फायबरही टाकलं. मला त्यांचं हेच सर्वांत आवडतं. वायरलेसने सुरुवात स्वस्तात होते, आणि जिथे वापर वाढला तिथे त्यांनी ताराही ओढल्या. साधनाचा हट्ट धरला नाही.

पण इंटरनेट मुळात येतं कुठून?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. रेडिओ बसवून गावातली घरं एकमेकांना जोडली जातात, बाहेरच्या जगाशी नाही. त्यासाठी कुठून तरी एक दमदार जोडणी विकत घ्यावी लागते. तिला बॅकहॉल म्हणतात. महिन्याचा सर्वांत मोठा खर्च बहुधा तोच.

आपल्याकडे भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना २०११ पासून चालू आहे. पण ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. पालघर किंवा शहापूरच्या एका पंचायतीत डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेले पाडे असतात. फायबर पंचायतीच्या कचेरीत येऊन थांबते आणि पाडा चार किलोमीटर पलीकडे, ओढ्यापल्याड. हे मधलं अंतर वायरलेस उत्तम भरून काढतं. जिथे पंचायतीची फायबर चालू आहे, तिथलं निम्मं काम झालेलंच असतं. फक्त ती खरंच चालू आहे का, हे स्वतः जाऊन, महिनाभर वेग मोजून बघा.

घरातलं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. दहा किलोमीटर कसं जाणार?

घरातला राउटर आपली शक्ती चारी दिशांना वाटून टाकतो आणि मध्ये भिंती असतात. लांबच्या जोडणीत दोन्ही टोकांना डिश अँटेना असतात. त्या सगळी शक्ती एका अरुंद झोतात एकमेकींकडे रोखतात. मध्ये मोकळी हवा असली तर तेच तंत्रज्ञान थक्क करणारी अंतरं कापतं. २००७ साली व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय जोडणी करून दाखवली. तो विक्रम होता. पण तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली विद्यापीठाच्या गटाबरोबर लांब पल्ल्याच्या वायफायवरून खेड्यांतली नेत्रतपासणी केंद्रं डॉक्टरांशी जोडली. ते रोजच्या कामाचं नेटवर्क होतं.

अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, म्हणजे एक चतुर्थांश उरतो. हे मोठ्या अँटेनाने भरून काढता येतं. मध्ये आलेला डोंगर मात्र कशानेच भरून निघत नाही. म्हणून दोन टोकांना एकमेकांची दृष्टी हवी.

आणि नुसतं डोळ्याला दिसणं पुरत नाही. दोन अँटेनांच्या मधली लहर बारीक रेघेतून जात नाही. मध्यभागी फुगलेल्या लंबगोलातून जाते. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झ या वायफायच्या एका वारंवारतेवर १० किलोमीटरच्या जोडणीत मधोमध या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते, आणि त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे मधल्या झाडाच्या शेंड्यावरून सरळ रेघ जात असली तरी शेंडा आणि रेघ यांत सहा-सात मीटर अंतर हवं. दुर्बिणीतून समोरची टाकी स्पष्ट दिसते आणि तरी जोडणी डळमळते, तेव्हा बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

आमच्याकडे पाऊस कसा पडतो माहीत आहे ना? हे टिकेल?

कोकणपट्टीत हा प्रश्न यायलाच हवा. पावसाच्या थेंबांची भीती कमी बाळगा. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास मुसळधार पावसातही दर किलोमीटरला डेसिबलच्या काही अंशांइतकीच घट होते. ६० गिगाहर्ट्झची यंत्रं मात्र पावसात कोलमडतात. ती शहरातल्या जवळच्या इमारतींसाठी ठीक.

खरा त्रास तीन गोष्टींचा. पहिली झाडं. सागाची पानं उन्हाळ्यात गळालेली असतात. एप्रिलमध्ये लावलेली जोडणी सुरेख चालते, आणि जुलैत त्याच सागाला भलीमोठी, ओली पानं आली की झोपते. जागेची पाहणी पावसाळ्यात करा, निदान पावसाळ्यात ते झाड कसं दिसतं हे तिथल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट पाणी आणि खारी हवा. पाणी केबलवरून उतरत थेट यंत्रात जातं. केबल यंत्रात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. जोडावर रबराची टेप घट्ट गुंडाळा. केबल बाहेरच्या वापराची, उन्हाला टिकणारी घ्या. घरातली साधी केबल एका उन्हाळ्यात तडकते. किनाऱ्यालगत साधे लोखंडी क्लॅम्प लवकर सडतात, तिथे स्टेनलेस स्टीलचेच लावा. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तिसरी वीज. आकाशातलीही आणि तारेतलीही. खांबाला चांगलं अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं साधन) नसेल तर जूनमधल्या पहिल्या गडगडाटातच यंत्र जाऊ शकतं.

धरमशाळेच्या एअरजल्दी नेटवर्कला अँटेनांवर लटकणाऱ्या माकडांचाही बंदोबस्त करावा लागला होता. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खाडी किंवा समुद्र ओलांडायचा असेल तर?

मध्ये अडथळा नसतो म्हणून सोपं वाटतं, पण पाणी लहरीला परावर्तित करतं. सरळ आलेली आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडून काढतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत जवळपास पाच मीटरचा फरक पडतो. पाण्याची पातळी बदलली की परावर्तनाचं गणित बदलतं. सकाळी छान चालणारी जोडणी दुपारी विनाकारण गळाठली असं वाटतं. भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून सिग्नलची नोंद बघितली की कारण उमगतं. उपाय दोन. एका टोकाची अँटेना अशा उंचीवर बसवायची की परावर्तित लहर जमिनीने किंवा इमारतीने अडवली जाईल, नाहीतर वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना लावायच्या. कोळीवाड्यातल्या माणसाला बरोबर घ्या, उधाण कधी असतं हे त्याला तोंडपाठ असतं.

डोंगर मध्ये आहेच आणि झाडी दाट आहे. मग काही मार्ग नाही?

कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून बऱ्या जातात. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराच भाग देशभर वापराविना पडून असतो. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या अभ्यासात, या पट्ट्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या जवळपास सर्वत्र रिकाम्या दिसल्या. अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राममार्ग या प्रकल्पातून पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत याच रिकाम्या जागेतून इंटरनेट नेऊन दाखवलं. २०१७ साली या प्रकल्पाला फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तो प्रयोग चाचणीच्या खास परवानगीवर होता. सर्वसामान्यांसाठी हा पट्टा खुला व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर जुनाच मार्ग: डोंगराला वळसा. माथ्यावर सौरऊर्जेवर चालणारा एक नोड, दोन बाजूंना दोन अँटेना. नेपाळमध्ये महावीर पुन यांनी २००२ च्या सुमारास नांगी गावासाठी असंच केलं. आधी झाडांवरच अँटेना बांधल्या होत्या. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मेश म्हणजे काय? तेच का वापरू नये?

मेशमध्ये प्रत्येक नोड शेजाऱ्यांशी बोलतो आणि डेटाने कोणत्या वाटेने जायचं हे आपणच ठरवतो. एक नोड पडला की वाट बदलते. जर्मनीच्या फ्रायफुंक या सामुदायिक नेटवर्कच्या चळवळीने हे तंत्र खूप पुढे नेलं. त्यांच्यातून निघालेला बॅटमॅन हा प्रोटोकॉल, म्हणजे नोडनी आपसात बोलायची नियमावली, २०११ पासून लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यातच आहे.

अडचण अशी की नोडमध्ये एकच रेडिओ असेल तर तो एका वेळी ऐकतो किंवा बोलतो. त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. चौथ्या घरापर्यंत फारसं काही उरत नाही. वस्तीच्या आत, दोन-तीन टप्प्यांपुरता मेश छान. गावांच्या मध्ये समोरासमोर डिश.

हे कायदेशीर आहे का?

लहरी वापरणं आणि इंटरनेट विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झमधले मोठे पट्टे घराबाहेरच्या वापरासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये खुले झाले. शक्तीच्या मर्यादा पाळायच्या आणि मंजुरी असलेलंच उपकरण घ्यायचं. अँटेना वाटेल तितक्या उंच मनोऱ्यावर चढवण्याआधी चौकशी करा, जागेची वेगळी मंजुरी लागू शकते.

लोकांना पैसे घेऊन इंटरनेट द्यायचं तर दूरसंचार विभागाचा परवाना हवा, किंवा परवानाधारक कंपनीशी करार हवा. घरगुती कनेक्शन घेऊन ते गावभर वाटणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. ते करू नका. छोट्यांसाठी ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा बचत गटही पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) होऊन वायफाय विकू शकतो. त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. ग्राहकाची ओळख आणि हिशेब पीडीओए नावाची वरची संस्था सांभाळते. कंपन्या पीडीओंकडून महागडे दर मागत, म्हणून जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतचं फायबर कनेक्शन पीडीओला किरकोळ दराच्या दुपटीहून महाग देता येत नाही.

एक कनेक्शन इतक्या घरांना पुरेल?

१०० एमबीपीएस आणि ४० घरं धरा. सगळे एकाच क्षणी वापरू लागले तर वाट्याला अडीच एमबीपीएस. पण सगळे एकदम नसतात. रात्री आठ ते दहा गर्दी होते, त्या वेळेसाठी प्रत्येकाच्या वेगाला समान मर्यादा घाला. शाळेचे धडे, पंचायतीचे अर्ज, भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणं गावातल्याच एका छोट्या सर्व्हरवर ठेवली तर बाहेरची जोडणी मोकळी राहते आणि ती तुटली तरी एवढं चालू राहतं.

वीज जाते, त्याचं काय?

प्रत्येकी ८ वॉटची तीन यंत्रं म्हणजे २४ वॉट, दिवसाचे ५७६ वॉट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर बॅटरीतले निम्मेच वापरायचे ठरवले तर जेमतेम एक दिवस निघतो. आषाढात सलग आठवडाभर ऊन पडत नाही. म्हणून सौर पॅनेल उन्हाळ्याच्या हिशेबाने घेऊ नका, निदान दुप्पट धरा.

चालवणार कोण?

नेटवर्क यावरच जगतं किंवा मरतं. यंत्रं आणणारे उत्साही लोक शहरातून येतात, फोटो काढतात आणि जातात. सहा महिन्यांनी एक अडॅप्टर जळतो. तो कुणी बदलायचा, हे ठरलेलं नसतं आणि पूर्ण पाडा पुन्हा टेकडी चढू लागतो. अडॅप्टरची किंमत फारशी नसते. मुद्दा असा की तो विकत घ्यायचा अधिकार आणि पैसा गावात कुणाच्याच हातात नसतो.

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केपमधल्या मानकोसी या गरीब भागात झेनझेलेनी हे नेटवर्क आहे. तिथे वेस्टर्न केप विद्यापीठाने मदत केली, पण २०१४ साली नोंदवलेली सहकारी संस्था गावकऱ्यांचीच. सौर पॅनेलवर लोकांचे मोबाइल चार्ज करून द्यायचे पैसे त्यांनी सुरुवातीला घेतले. इंटरनेटची कमाई सुरू होण्याआधीच खर्चाला आधार झाला.

महाराष्ट्राला सहकार शिकवावा लागत नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातली ७० गावं संगणकांनी जोडण्याचा सरकारी प्रकल्प झाला, तो साखर कारखाना आणि दूध संघाच्या भक्कम जाळ्यावरच. दूध संकलन केंद्र, बचत गट, आदिवासी सोसायटी यांपैकी जे आधीपासून नीट हिशेब ठेवतं त्याच्याकडेच नेटवर्क द्या. नवी समिती काढायचा मोह टाळा. बचत गटातल्या बायकांकडे वसुलीची वही असेल तर ती वही चोख असते, हा माझा अनुभव आहे.

गावातल्या दोघांना शिकवा, एकाला नाही. एकटा शिकलेला पोरगा नोकरी लागून वसईला जातो, आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. पासवर्ड, नकाशा आणि कोणती केबल कुठे जाते हे पंचायतीतल्या कागदावर असू द्या, मराठीत.

उद्या मोबाइल टॉवर किंवा उपग्रहाचं इंटरनेट आलं तर सगळं वाया?

आलं तर आनंदच आहे. उपग्रहाची एक थाळी घेऊन तिची जोडणी ३० घरांत वाटायची तरी गावातलं नेटवर्क लागतंच. त्यासाठी कंपनीची तशी परवानगी असलेला प्लॅन घ्यावा लागेल, इतकंच. आणि टॉवर आला तरी पावसाळ्यात त्याचं डिझेल संपल्यावर काय होतं, हे जव्हारकरांना विचारा.

मी मुंबईत राहतो. आमच्या सोसायटीची गच्ची उपयोगी पडेल?

दहिसर, गोराई, भांडुप, मुलुंड, ठाणे, पनवेल अशा कडेच्या भागांतल्या उंच गच्च्या खूपच. गोराईकडून मनोरी-उत्तनकडे, मुलुंड-भांडुपकडून डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांकडे थेट दृष्टी मिळते. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. कमिटी बदलली की तोंडी परवानगी संपते. वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार नाही, हे आधीच लिहून द्या. कठड्याला क्लॅम्प किंवा वजनावर उभा राहणारा स्टँड चालतो. आठ-दहा वॉटचं वीजबिल कोण भरणार, तेही लिहा.

‘रेडिएशन’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि त्याला हसू नये. या रेडिओची स्वतःची प्रक्षेपणशक्ती साधारण एक वॉटच्या आत असते. मोबाइल टॉवरच्या अँटेनाला दहापट आणि त्याहून जास्त पुरवली जाते. शिवाय झोत गच्चीवरून बाहेर रोखलेला असतो, घरांकडे नाही. यंत्राचं माहितीपत्रक सभेत फिरवा.

सुरुवात कुठून करू?

ज्या पाड्यावर जायचं तिथे दोनदा जा. पहिल्यांदा यंत्राशिवाय. इंटरनेट कशाला हवंय ते विचारा: आश्रमशाळेला, आशाताईंच्या नोंदीला, रोजगार हमीच्या हजेरीला की घरच्यांशी व्हिडिओ कॉल करायला. एका घरापासूनच करा, पण ते घर उंचावरचं आणि दार उघडं ठेवणारं निवडा. दुसऱ्या खेपेला दुर्बीण, फोनमधलं होकायंत्र आणि उंची दाखवणारा नकाशा घेऊन जा. खांब कुठे उभा करायचा हे ठरवण्याआधी त्या जमिनीचा सातबारा बघा. जागा वनखात्याची असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन अर्ज आधी करा, कारण रेडिओ दोन दिवसांत येतो आणि परवानगीला महिने जातात.